दुखण्यावर ट्यूब चोळताना



उन्हाळ कांद्याची लागवड सुरू झाली की संध्याकाळी वस्तीत शिरताना आधी चुलीचा धूर लागतो आणि पाठोपाठ दुखण्याच्या ट्यूबचा वास येतो. दिवसभर वाकून रोपं लावून आलेल्या बाया एकमेकींच्या कमरेला ट्यूब चोळून देतात. मार्केट यार्डात ५० किलोच्या गोण्या वाहणाऱ्यांचे खांदे, पैठणीच्या मागावर बसणाऱ्यांची मान आणि पाठ, बांधकामावर घमेली उचलणाऱ्यांचे दंड, सगळ्यांचा इलाज तोच. घरात एक ट्यूब असते, ती फळीवर मीठ-मसाल्याच्या डब्याशेजारी पडलेली असते आणि आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना लागते.

या ट्यूबला आपण औषध समजतच नाही. गोळी घेताना माणूस एकदा तरी विचारतो, "जेवणाआधी घेऊ की नंतर?" ट्यूबबद्दल कोणी काही विचारत नाही. वरून तर लावायची आहे, तिनं काय होणार, असा समज आहे. होतं बरंच काही. कातडी भाजते. गरोदर बाईच्या पोटातल्या बाळाला अपाय होऊ शकतो. लहान लेकराच्या पोटात गेली तर जिवाशी खेळ होतो. आणि चार दिवस बरं वाटतंय म्हणून आतलं मोठं दुखणं झाकून राहतं, ते वेगळंच. ट्यूब वापरू नका असं मी सांगत नाही. मुरगळणं, लचक, उसण, कामानं अवघडलेली मान यांवर ती चांगली आहे आणि पोटात घ्यायच्या गोळीपेक्षा पुष्कळ सुरक्षित आहे. फक्त तिला औषधासारखं वागवा.

ट्यूबवर काय लिहिलंय

ट्यूबवरचं लिखाण बारीक आणि इंग्रजीत असतं. घरात शाळा-कॉलेजात जाणारं पोर असेल तर त्याच्याकडून एकदा वाचून घ्या. नाव मोठ्या अक्षरात छापलेलं असतं ते कंपनीचं. आपल्याला हवी ती खालची बारीक नावं. बऱ्याच ट्यूबांमध्ये डायक्लोफिनॅक १.१६ टक्के, मिथाइल सॅलिसिलेट १० टक्के, मेन्थॉल ५ टक्के आणि जवसाचं तेल ३ टक्के असा मेळ असतो.

डायक्लोफिनॅक हे सूज आणि दुखणं कमी करणारं खरं औषध. गोळी घेतल्यावर रक्तात जेवढं जातं त्याच्या साधारण ६ टक्केच ट्यूबमधून जातं, म्हणून पोटाला त्रास कमी. कमी म्हणजे शून्य नव्हे. या औषधाची ताकद किती, याचा एक दाखला सांगते. गुरांना टोचलेलं डायक्लोफिनॅक मेलेल्या जनावराच्या मांसात राहायचं, ते मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. देशातली गिधाडं जवळजवळ संपली, तेव्हा २००६ साली सरकारनं जनावरांसाठी हे औषध बनवण्यावर बंदी घातली. माणूस गिधाड नाही, पण ज्याची मूत्रपिंडं आधीच दुखावलेली आहेत त्यानं हे लक्षात ठेवावं.

मिथाइल सॅलिसिलेट म्हणजे ऍस्पिरिनचं भावंड. ट्यूबला जो उग्र वास येतो तो मुख्यतः याचा. मेन्थॉलनं गार वाटतं आणि मेंदूला दुखण्याचा थोडा विसर पडतो. काही ट्यूबांत कॅप्सायसिन असतं, म्हणजे मिरचीचा तिखटपणा. तो आधी झोंबतो, मग गरम वाटतं.

आणि काही ट्यूबांवर थायोकॉल्चिकोसाइड असं लांबलचक नाव असतं. याला स्नायू सैल करणारं औषध म्हणतात. स्नायू दुखावला की शरीर त्याला जपण्यासाठी घट्ट आवळून धरतं, त्यालाच आपण पाठ धरली, मान धरली म्हणतो. ही आवळण सोडवावी म्हणून हे औषध. ते कळलावीपासून निघणाऱ्या द्रव्यावरून बनवतात. हीच ती पावसाळ्यात कुंपणावर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलं येणारी वेल, कोणी तिला वाघनखी म्हणतात. तमिळनाडूचं हे राज्यफूल आहे आणि तिथे औषधासाठी तिची शेती होते. म्हणून कोणी घरी कळलावीचा कंद उगाळून लावायला किंवा खायला जाऊ नका. तो कंद जालीम विषारी आहे, खाऊन माणसं दगावली आहेत.

थायोकॉल्चिकोसाइडच्या गोळ्या आणि इंजेक्शनांबद्दल २०१३ साली युरोपच्या औषध नियंत्रण संस्थेनं कडक सूचना दिल्या. गरोदर बाईनं, अंगावर पाजणाऱ्या आईनं, आणि दिवस राहण्याची शक्यता असून गर्भनिरोधक न वापरणाऱ्या बाईनं ते घ्यायचं नाही. बाकीच्यांनीही गोळी ७ दिवसांपेक्षा आणि इंजेक्शन ५ दिवसांपेक्षा जास्त नाही. ट्यूबला या सूचना लावल्या नाहीत, कारण चोळून रक्तात फार थोडं जातं. पण मग दुसरा प्रश्न येतो. रक्तात फार थोडं जात असेल तर स्नायू सैल तरी किती होणार? ट्यूबमधल्या या भागाचा पुरावा तोकडा आहे. माझं मत विचाराल तर, ताज्या मुरगळीला साधी डायक्लोफिनॅकची ट्यूब पुरते. "स्नायू सैल करणारी" म्हणून महागातली ट्यूब मागण्याचं कारण नाही. जनऔषधी दुकानात डायक्लोफिनॅकची साधी ट्यूब स्वस्तात मिळते, घटक तेच. डॉक्टरांनी चिठ्ठीवर मुद्दाम लिहून दिली असेल तर गोष्ट निराळी. ट्यूबवर उभी लाल रेघ असेल तर ती चिठ्ठीशिवाय घ्यायचीच नाही.

किती आणि कशी

आपल्याकडे दोन टोकं आहेत. कोणी ट्यूब दोन महिने पुरवतं, कोणी एका बैठकीत अर्धी संपवतं. सोपं माप असं: तर्जनीच्या टोकापासून पहिल्या वळीपर्यंत, म्हणजे वरच्या एका पेरावर, जेलची सरळ रेघ काढा. ती साधारण अर्धा ग्रॅम भरते. साध्या डायक्लोफिनॅक जेलची खांद्याला दोन पेरं, कमरेला चार पेरं, दिवसातून तीन वेळा. कमरेचा हिशोब केला तर दिवसाला ६ ग्रॅम होतात आणि ३० ग्रॅमची ट्यूब पाच दिवसांत संपते. म्हणजे महिनाभर अधूनमधून नखभर लावणाऱ्याला औषध मिळतच नाही, नुसता वास मिळतो. मेन्थॉल-सॅलिसिलेट मिसळलेल्या उग्र ट्यूबचा मात्र पातळ थरच लावा आणि पाकिटावर लिहिलंय त्यापुढे जाऊ नका.

जागा धुऊन कोरडी करा. घामावर, मातीवर चोळू नका. हलक्या हातानं मुरवा. रगडून, घाम निघेस्तोवर चोळल्यानं औषध जास्त आत जात नाही, उलट ताजी लचक असेल तर आतली सूज वाढते. खरचटलेल्या, फोड आलेल्या, खाज-नायटा असलेल्या कातडीवर लावायची नाही. लावल्यावर तासभर अंघोळ नको. हात साबणानं धुवा आणि मगच पिठात घाला, लेकराला उचला, डोळे पुसा. कॅप्सायसिनवाली ट्यूब असेल तर आधी तेलाच्या फडक्यानं बोटं पुसा, मग साबण लावा. नुसत्या पाण्यानं तो तिखटपणा जात नाही, मिरच्या कुटल्यावर जात नाही तसाच.

उन्हात काम करणाऱ्यांनी लावलेली जागा कपड्यानं झाकावी. डायक्लोफिनॅकवर ऊन पडलं की काहींच्या कातडीवर लाल चट्टे उठतात. दुखण्याची आणखी एक ट्यूब असते कीटोप्रोफेनची, तिचं तर उन्हाशी फारच वाकडं आहे. वावरात जाणाऱ्यांनी ती टाळलेलीच बरी. मागावर बसणाऱ्यांनी काम उरकल्यावर रात्री लावावी. बोटाला राहिलेलं जेल रेशमाला लागलं तर डाग पडेल आणि मजुरी कापली जाईल ती तुमचीच.

ट्यूबऐवजी स्प्रे वापरत असाल तर चुलीजवळ, गॅसजवळ, दिव्याजवळ किंवा बिडी पेटलेली असताना मारू नका. त्यातला वायू पेट घेतो. एका खोलीच्या घरात हे विसरायला वेळ लागत नाही.

शेक की ट्यूब, एकच काहीतरी

कातडी भाजण्याची सगळ्यात मोठी वाट हीच. ट्यूब लावली, वर एरंडाचं गरम पान ठेवलं, वर फडकं आवळून बांधलं, कोणी विटेचा किंवा मिठाच्या पुरचुंडीचा शेक दिला. प्रत्येक उपाय एकेकटा वाईट नाही. पण उष्णतेनं कातडीतली रक्तवाहिनी रुंदावते, औषध एकदम जास्त आत शिरतं आणि मेन्थॉलच्या गारव्यामुळे चटका बसतोय हे कळत नाही. सकाळी पाहावं तर फोड.

नुसत्या ट्यूबनंही भाजू शकतं. अमेरिकेच्या औषध नियंत्रण संस्थेनं २०१२ साली तसा इशारा दिला होता. भाजलेल्यांपैकी बहुतेकांनी मेन्थॉल ३ टक्क्यांहून किंवा मिथाइल सॅलिसिलेट १० टक्क्यांहून जास्त असलेली मलमं लावली होती, आणि काहींना पहिल्याच वेळी भाजलं होतं. आपल्या ट्यूबांतलं मेन्थॉल ५ टक्के, हे वर सांगितलंच. म्हणून नवी ट्यूब आधी हातावर थोडीशी लावून पाहा. गार-गरम वाटणं ठीक. आग होऊ लागली, दुखू लागलं, तर "लागतंय म्हणजे गुण येतोय" असं समजून सोसू नका. साबण आणि गार पाण्यानं धुऊन काढा. फोड आला तर दवाखाना.

शेक घ्यायचाच असेल तर ट्यूब न लावता घ्या. आणि ताज्या मुरगळीला पहिले दोन दिवस शेक नकोच, गार पाण्याची पट्टी ठेवा, पाय उंचावर घ्या. जुन्या अवघडलेल्या पाठीला शेक चालतो. मधुमेह असलेल्या माणसाच्या पायाला मात्र शेकही नको आणि झोंबणारी ट्यूबही नको. त्याच्या तळपायाला चटका कळत नाही, जखम झाली तर ती भरत नाही.

कोणी लावू नये

गरोदर बाईनं डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. पाचवा महिना लागल्यावर तर डायक्लोफिनॅक आणि सॅलिसिलेटच्या जातीची औषधं टाळायचीच. त्यांनी बाळाच्या मूत्रपिंडाला त्रास होऊन गर्भजल कमी होऊ शकतं, आणि शेवटच्या तीन महिन्यांत बाळाच्या हृदयाजवळची, जन्मानंतर बंद होणारी रक्तवाहिनी आधीच मिटू शकते. आपल्या बाया आठव्या महिन्यापर्यंत वावरात जातात आणि कंबर दुखते म्हणून ट्यूब लावतात. सासूबाई, नणंदबाई, हे तुम्ही लक्षात ठेवायचं. तिला ट्यूब देण्यापेक्षा तिचं काम हलकं करा. पाजणाऱ्या आईनं छातीच्या आसपास काहीही लावू नये.

बारा वर्षांखालच्या मुलांना या ट्यूबा नकोत. तान्ह्या बाळाला सर्दी झाली म्हणून नाकाखाली, छातीवर मेन्थॉल-कापराचं मलम चोळण्याची पद्धत बंद करा, बाळाचा श्वास अडकू शकतो.

ऍस्पिरिन किंवा दुखण्याच्या गोळीनं ज्याला दमा उठतो किंवा अंगावर गांधी येतात, त्यानं लावू नये. मूत्रपिंडाचा आजार, पोटात अल्सर, हृदय कमजोर, यांनी डॉक्टरांना विचारून. हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन होऊन रक्त पातळ ठेवण्याची वॉरफेरिन गोळी चालू असलेली माणसं वस्तीत असतात. मिथाइल सॅलिसिलेट रोज चोळलं तर त्या गोळीचा जोर वाढून रक्तस्राव होऊ शकतो. त्यांनी ट्यूब वापरत असल्याचं डॉक्टरांना न चुकता सांगावं.

ट्यूब लावत असताना दुखण्याची गोळीही खाणं म्हणजे एकच औषध दोन वाटांनी घेणं. त्यातही पुडीत बांधून मिळणाऱ्या रंगीत गोळ्यांचं मला फार भय वाटतं. एका गोळीत गुण येतो, कारण बहुतेकदा त्यात स्टेरॉइड असतं. नाव नसलेली गोळी पोटात घालायची नाही, पुडीऐवजी पाकिटातली मागा. आणि दिवसभर ओझं वाहून आल्यावर अंग मोकळं होतं म्हणून घोटभर घेणारे आहेत, त्यांना पंचशीलातलं पाचवं शील मी नव्यानं काय सांगू? नर्स म्हणून एवढंच सांगते, दारू आणि दुखण्याची गोळी एकत्र झाली की पोटात रक्त सुटतं. काळी, डांबरासारखी शी झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

ट्यूब फळीवरून काढा आणि लेकरांचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवा. १० टक्के मिथाइल सॅलिसिलेट असलेल्या ३० ग्रॅमच्या ट्यूबमध्ये ते ३ ग्रॅम असतं. दहा किलोच्या लेकरानं ती चोखून संपवली तर जिवावर बेतेल. गंधपुरा तेलाची बाटली याहून वाईट, त्या शुद्ध तेलाचा एक चमचा ऍस्पिरिनच्या वीसेक गोळ्यांएवढा होतो. असं झालं तर ओकारी काढत बसू नका. ट्यूब किंवा बाटली सोबत घ्या आणि सरळ सरकारी दवाखान्यात जा.

दुखणं येतं कुठून

कांद्याची लागवड एकरावर उक्ती घेतलेली असते. जितकं लवकर उरकेल तितका रोज पदरात जास्त पडतो, म्हणून कंबर सरळ करायलाही बाई थांबत नाही. मागाचंही तसंच. खड्ड्यात पाय सोडून, मान खाली घालून, धागा न् धागा बघत दहा-दहा तास. बाबासाहेब मजूरमंत्री असताना त्यांनी मांडलेल्या विधेयकातून १९४६ साली कारखान्यातला आठवडा ४८ तासांवर आला. वावराला आणि घरातल्या मागाला तो कायदा पोचला नाही. त्यामुळे "विश्रांती घ्या" असं लिहिणं सोपं आहे, पाळणं किती अवघड ते मला ठाऊक आहे.

तरी जे पदरचा पैसा न घालवता होतं ते करा. टोळीनं ठरवून प्रत्येक दोन वाफ्यांनंतर सगळ्यांनी एकदम उभं राहायचं, कमरेवर हात ठेवून पाच वेळा मागे वाकायचं. एकटी उभी राहिली तर मुकादम बोलतो, सगळ्या उभ्या राहिल्या तर बोलत नाही. गोणी उचलताना गुडघ्यातून वाका, ती छातीशी धरा, उचलता उचलता कंबर पिरगाळू नका, पाय फिरवा. मागावर तासातून एकदा पाय खड्ड्याबाहेर. बैठक एवढी उंच करा की गुडघे कमरेच्या वर जाणार नाहीत, खाली जुनं गोणपाट घडी करून घातलं तरी भागतं.

ट्यूब बाजूला ठेवा

सात दिवस नीट लावून फरक नाही तर ट्यूब बदलू नका, डॉक्टर गाठा. गुण येत असला तरी दोन आठवड्यांपुढे आपल्या मनानं लावायची नाही. आणि पुढची लक्षणं असतील तर सात दिवसही थांबायचं नाही.

पाठ दुखते आणि सोबत संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरतंय, रात्री झोपेतही दुखणं जागं करतं: हा मणक्याचा क्षयरोग असू शकतो. क्षय फक्त छातीत होतो असं नाही. सरकारी दवाखान्यात क्षयाची तपासणी आणि औषधं फुकट आहेत. हा आजार ट्यूबखाली महिनोन्‌महिने झाकून राहिला तर पाय लुळे पडतात.

कंबर दुखून पाय जड पडला, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, बसायची जागा बधिर झाली तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात. बाईच्या ओटीपोटात दुखतंय, अंगावरून वास येणारं पांढरं जातंय, तर कंबरेला ट्यूब लावून काही होणार नाही, आत जंतुसंसर्ग असतो. त्यावर आधी औषधं असतात. कोणी पहिल्याच भेटीत पिशवी काढायला सांगितली तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या पिशव्या काढण्याच्या प्रकरणी २०१९ साली सरकारला समिती नेमावी लागली होती.

१३ ऑक्टोबरला मुक्तिभूमीवर लांबून लांबून लोक येतात, रात्रभर गाडीत पाय अवघडून बसलेले असतात. उतरल्यावर दोन्ही पाय दुखले तर चाला, पाणी प्या, बरं वाटेल. पण एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागली, दाबल्यावर दुखली तर ती अजिबात चोळू नका, ट्यूब लावूनही नाही. आत रक्ताची गुठळी असली तर चोळल्यानं सुटून फुप्फुसात जाऊ शकते. तिथल्या वैद्यकीय कक्षात दाखवा.

आणि डावा खांदा, हात, जबडा किंवा छातीत दाबल्यासारखं दुखतंय, सोबत घाम, मळमळ, धाप: ही उसण नव्हे. बायांमध्ये आणि मधुमेहींमध्ये छातीत न दुखता नुसती धाप आणि थकवाही असू शकतो. गोणी उचलताना काहीतरी भरलं असेल म्हणून ट्यूब चोळत बसू नका. १०८ ला फोन लावा, माणसाला चालवू नका, टेकवून बसवा आणि गाडी येईपर्यंत एकटं सोडू नका.